वापरात नसलेले २१४

फाइल जतन करताना चौकट उघडते:
"वापरात नसलेले २१४ घटक काढून टाकायचे?"
हो. नाही.
आणि खाली बारीक अक्षरात,
पुन्हा विचारू नका.

मातोझिन्युशच्या गोदीमागे, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही तारल्यांच्या डब्यांची लेबलं करतो.
खिडकी उघडी ठेवली की तेलाचा वास कागदाला लागतो,
लावून घेतली की आम्हाला.

फाइल झेफेरीनूची.
अकरा वर्षं तो या एकाच फाइलमध्ये राहिला.
नवं लेबल आलं की जुनंच उघडायचं,
पुसायचं, वर नवं मांडायचं.
पाटी तीच, गणितं वेगळी.
पानावरचं पुसलं गेलं, यादीतलं राहिलं:
रंग, ग्रेडियंट, जाळ्याची एक नक्षी,
तीन बोये,
आणि दोरखंडाची एक गाठ
जी मी कुठल्याच डब्यावर पाहिलेली नाही.

तेल्मू म्हणतो, "अठ्ठ्याण्णव एमबी!
आणि लेबल केवढं, तळहाताएवढं.
माझी कॉफी निवते तरी फाइल उघडत नाही.
नवी आवृत्ती घे. ती विचारत बसत नाही,
जतन केलं की आपलं आपण झाडून काढते.
होडी धुताना खवले कुणी मोजतं का?"

त्याचं काही चूक नाही.
वापर म्हणजे काय, हे यंत्राला आपल्यापेक्षा नेमकं कळतं:
पानावरून कुणीतरी बोट दाखवत असलं पाहिजे.
ज्याच्याकडे एकही बोट नाही,
तो नाही.

तरी मी "नाही" दाबते आणि यादी उघडून बसते.
आधी बिननावाचे.
रंग ४७.
रंग ४७ ची प्रत.
रंग ४७ च्या प्रतीची प्रत.
यांच्याबद्दल झेफेरीनूलाही काही वाटलं नसणार.
टाकते. टाकते. टाकते.
खरं सांगते, मजा येते,
नख लागलं की पोपडा सुटत जावा तशी.

मग नावं सुरू होतात.
"गिऱ्हाइकाला नको असलेला लाल."
त्याखाली
"गिऱ्हाइकाला नको असलेला लाल, पण बरोबर हाच."
मी एकटीच हसते. तेल्मू वर बघतो.
मग
"अदेलिनाच्या दाराचा हिरवा."

हा कुठल्याच डब्यावर नाही.
माझं बोट आधीच्याच लयीत होतं,
तोही गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी झेफेरीनूला फोन लावते.
तो आता वियानाला, बहिणीकडे.
हात थरथरतात, पण आवाज अजून कडक.
"अदेलिना? कोण अदेलिना?"
मागे टीव्हीवर कुणीतरी टाळ्या वाजवतंय.
"हिरवा ना? टाकून दे, मुली.
कचरा आहे सगळा.
मला तेव्हा नीट आवरता आलं नाही, एवढंच."

ठीक.
मी सार्डिन्याचं, म्हणजे मोठ्या तारलीचं, काम पुढे ओढते.
खवल्यांची रेघ जाड करते, पुन्हा बारीक करते.

वीस मिनिटांनी फोन वाजतो.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"टाकलास का?"

मी कंट्रोल दाबून झेडवर बोट ठेवते.
रेघ जाड होते. रेघ बारीक होते.
बोये परत येतात, तिन्ही.
लाल परत येतो, आणि तो दुसरा लालही.
तिकडे तो नुसता श्वास घेतोय.
"नाही," मी म्हणते,
आणि म्हणता म्हणता
ते खरं होतं.

"बरं," तो म्हणतो. "डाव्या फळीवर जास्त होता तो.
उजवीवर ऊन यायचं."
आणि फोन ठेवतो.

कोणत्या दाराची, कोणत्या गल्लीतली फळी,
मी विचारलं नाही.
ती गाठ विचारायचीही राहून गेली.

संध्याकाळी जतन करते. सत्त्याण्णव एमबी.
चौकट पुन्हा उघडते.
तेल्मू कपाळाला हात लावतो
आणि आपला कप घेऊन
परत गरम करायला जातो.